फँटसी कादंबरी वाचून टिपण कसं लिहावं : नवख्यांसाठी

फँटसी कादंबरीबद्दल लिहायला बसलं की पहिली ओळ बहुतेक वेळा अशी उतरते : 'लेखकाने एक अद्भुत विश्व उभं केलं आहे.' दुसरी : 'पुस्तक हातातून ठेववत नाही.' या ओळी खोट्या नाहीत, पण निकामी आहेत. त्या कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात. वाचणाऱ्याला त्यातून ना पुस्तक कळतं, ना तुम्ही.

फँटसीत सगळं रचलेलं आहे हे लेखकालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. तरी काही पानांवर ते बिनतक्रार पटतं, आणि एखाद्या पानावर 'काहीही काय!' असं तोंडातून निघून जातं. या दोन्ही प्रकारच्या जागा नेमक्या पकडायच्या आणि तसं का झालं ते सांगायचं, एवढंच टिपणाचं काम. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. वाचक आपला अविश्वास बाजूला ठेवून वाचतो, ही रूढ कल्पना त्यांना त्यात मान्य नव्हती. त्यांच्या मते अविश्वास जागा झाला की जादू तिथेच मोडली, त्यानंतर आपण तो दाबून ठेवतो तो नाइलाजाने. गोष्ट नीट रचलेली असेल तर आत असेपर्यंत ती खरीच वाटते. म्हणजे वाचताना आपण केव्हा आत होतो आणि केव्हा बाहेर फेकले गेलो, हे लक्षात ठेवायचं.

पुढची बहुतेक उदाहरणं टोल्किन यांच्याच 'द हॉबिट'मधली आहेत. १९३७ सालचं पुस्तक, १९ प्रकरणं, साधारण ९५ हजार शब्द आणि एक सरळ प्रवास, त्यामुळे शिकायला बेताचं. बिल्बो नावाचा हॉबिट, म्हणजे माणसाहून लहान चणीचा जीव, बुटक्यांच्या टोळीबरोबर दूरच्या डोंगरात ड्रॅगनने बळकावलेला खजिना मिळवायला निघतो, ही त्याची गोष्ट. उदाहरणांत शेवटाकडचा भागही येतो. तो आधी कळायला नको असेल तर पुस्तक वाचून मग इकडे या.

पुस्तक निवडताना : जाडी, क्रम आणि पुरं आहे की नाही

निवडलेल्या पुस्तकाची मधली कुठलीही १० पानं घड्याळ लावून वाचा. लागलेल्या मिनिटांना १० ने भागा आणि एकूण पानांनी गुणा. फँटसीत हा हिशेब जरुरीचा आहे, कारण इथे ७००-८०० पानांचं पुस्तक नेहमीचं. इंग्रजी मिनिटाला १५० शब्दांच्या वेगाने वाचणाऱ्याला 'हॉबिट'ला साडेदहा तास लागतील. रोज ४० मिनिटं दिली तर १६ दिवस. त्याच वेगाने टोल्किन यांच्याच पुढच्या कादंबरीला, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला, ५० तासांहून जास्त, म्हणजे अडीच महिने. तीन खंड, सहा भाग, ६२ प्रकरणं. पहिलंच टिपण यावर लिहायचं ठरवू नका. अडीच महिन्यांत सुरुवातीला काय वाटलं होतं ते विरून जातं आणि लिहिताना फक्त शेवटचा खंड डोक्यात राहतो.

याच पुस्तकाबाबतची एक चूक वारंवार दिसते : 'पहिला खंड अर्धवटच संपतो.' संपणारच. ती एकच कादंबरी आहे. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत आली ती छपाईच्या खर्चामुळे, लेखकाने तीन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून नव्हे.

मालिका असेल तर क्रम आधी ठरवा. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. त्यातलं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' छापून आलं सहावं, पण कथेच्या काळात ते सर्वांत आधीचं. आताच्या संचांवर त्याला पहिला क्रमांक दिलेला असतो आणि नवा वाचक साहजिकच तिथून सुरुवात करतो. प्रकाशनाचा क्रम धरणं चांगलं. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये बर्फाने भरलेल्या जंगलात मधोमध दिव्याचा खांब उभा आहे. तो तिथे कसा, याचं उत्तर 'नेफ्यू'त आहे. उत्तर आधी वाचलं की कोडं पडतच नाही, आणि त्या खांबाशी थबकण्यातली निम्मी गंमत गेली.

मालिका पुरी आहे की नाही हेही बघा. 'द व्हील ऑफ टाइम'चे मुख्य १४ खंड १९९० ते २०१३ दरम्यान आले. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ चं, त्या मालिकेचा पाचवा खंड २०११ चा, आणि त्यापुढचा अजून यायचाच आहे. अशा मालिकांवर लिहायला हरकत नाही, पण 'इथवर वाचलं आहे' हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.

वही, चिठ्ठ्या आणि ई-पुस्तक

१०० पानी वही पुरते. पहिली तीन पानं कोरी सोडा : एक नावांसाठी, एक नियमांसाठी, एक नकाशासाठी. रोजच्या नोंदी चौथ्या पानापासून. वहीच्या मागून उलट्या बाजूने प्रश्न लिहीत या.

वाचनालयाचं पुस्तक असेल तर पेन्सिलही लावू नका. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेवा. चिकट चिठ्ठ्या सोयीच्या असतात, पण जुन्या पिवळ्या कागदावर त्यांचा गोंद राहतो आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

ई-पुस्तकात अधोरेखित करणं इतकं सोपं असतं की शेवटी १५० ओळी जमतात आणि त्यातली एकही उपयोगी पडत नाही. एका बैठकीत जास्तीत जास्त दोन ओळी, असा निर्बंध घालून घ्या. नोंदीत पान क्रमांक नको, प्रकरणाचा आकडा लिहा. पानं आवृत्तीगणिक आणि अक्षराच्या आकारागणिक बदलतात, प्रकरण बदलत नाही.

पहिली तीन प्रकरणं : नावांचं पान

फँटसी सोडून देणारे बहुतेक वाचक पहिल्या ५०-६० पानांत सोडतात, आणि कारण बहुधा कंटाळा नसून नावं असतात. 'हॉबिट'च्या पहिल्याच प्रकरणात गँडाल्फ हा जादूगार आणि तेरा बुटके बिल्बोच्या दारात येऊन उभे राहतात. सगळ्यांची नावं पाठ करायचा प्रयत्न करू नका. वहीत एका ओळीत नाव, नात्याचा धागा आणि एक खूण, एवढंच लिहा : 'थोरिन, म्होरक्या, घराणं गमावलेला', 'बॉम्बुर, सर्वांत जाडा'. तिसऱ्या प्रकरणानंतर ज्या नावांपुढे नवीन काही लिहावं लागलं नाही ती सोडून द्या. तेरांपैकी सहासात जण लेखकानेही मागच्या रांगेतच ठेवले आहेत, आणि टिपणात हे म्हणायला हरकत नाही.

नकाशा असेल तर चौकोनी कागदावर हाताने ढोबळ काढा : कुठून निघाले, कुठे पोहोचायचं, मध्ये काय आडवं येतं. प्रवासाच्या कादंबरीत 'आता किती उरलं' हे डोळ्यांपुढे असेल तर मधली मंद प्रकरणं जड जात नाहीत.

मराठीत लिहिताना नावांचा उच्चार ही खरी डोकेदुखी आहे. टोल्किननी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात नियमच दिले आहेत : 'सी' हे अक्षर नेहमी 'क', म्हणून केलेबॉर्न, सेलेबॉर्न नव्हे, 'ए-यू' ही जोडी 'आउ', म्हणून ड्रॅगनचं नाव स्माउग, स्मॉग नव्हे. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतला नायक गेड आहे, जेड नाही. 'हॅरी पॉटर'मधल्या हर्मायनीच्या नावाने तर सगळ्या जगाला घाम फोडला, शेवटी लेखिकेने चौथ्या पुस्तकात तिच्याच तोंडून एकाला ते फोड करून शिकवलं. कुठलाही उच्चार घ्या, पण टिपणभर एकच ठेवा. एका परिच्छेदात गँडाल्फ आणि पुढच्यात गंडाल्फ दिसला की वाचकाला दोन माणसं वाटतात.

नियमांचं पान : जादूला हिरण्यकशिपूच्या वरासारखं तपासा

सर्वांत जास्त वेळ या पानाला द्या.

जादू म्हणजे वाट्टेल ते, असा समज असतो. प्रत्यक्षात चांगल्या फँटसीतली जादू आपल्याकडच्या वरासारखी चालते. हिरण्यकशिपूला मिळालेला वर आठवा : ना माणसाकडून मरण, ना पशूकडून, ना दिवसा, ना रात्री, ना घरात, ना बाहेर, ना जमिनीवर, ना आकाशात. ऐकणारा पहिल्यापासून एकच शोधत असतो की यातून फट कुठली राहिली. नरसिंह संध्याकाळी उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन नखांनी फाडतो तेव्हा आपण 'हे कसं काय?' म्हणत नाही, 'बरोब्बर!' म्हणतो. कारण नियम आधी सांगितला होता, सुटका त्याच नियमाच्या आतून झाली. भस्मासुराचंही तसंच. वर मिळाला तेव्हाच त्याचा शेवट त्याच्या हातात होता.

प्रत्येक जादूच्या वस्तूपुढे किंवा शक्तीपुढे तीन रकाने आखा : काय करते, काय करत नाही, काय मोजावं लागतं. 'हॉबिट'मधल्या अंगठीचं पान असं भरेल :

करते : बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो (प्र. ५).
करत नाही : उन्हात सावली पडते, आणि गॉब्लिनांना (डोंगराखालच्या दुष्ट जीवांना) दाराशी ती दिसतेही (प्र. ५). वास लपत नाही, स्माउग वासावरून आणि श्वासावरून ओळखतो (प्र. १२).
मोजावं लागतं : या पुस्तकात जवळजवळ काही नाही.

हा तिसरा रकाना रिकामा राहिला, हेच एक निरीक्षण आहे. याच अंगठीची किंमत पुढच्या मोठ्या कादंबरीचा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा, विषय झाली. पहिले दोन रकाने मात्र 'हॉबिट' चोख पाळतं, म्हणून बाराव्या प्रकरणात बिल्बो अदृश्य असूनही ड्रॅगनच्या गुहेत आपल्याला भीती वाटते. नुसतं 'तो प्रसंग थरारक आहे' असं लिहिण्यापेक्षा 'अंगठी डोळ्यांपासून लपवते, नाकापासून नाही, म्हणून प्रसंग थरारक आहे' असं लिहिलं की वाक्याला बूड येतं.

आता गरुड. 'गरुडांनी उचलून थेट डोंगरावर का नाही सोडलं?' हा प्रश्न टोल्किनच्या वाचकांत इतका फिरतो की नवखा वाचक तो न तपासताच टिपणात घालतो. सहाव्या प्रकरणात उत्तर आहे. गँडाल्फने गरुडांच्या राजाची बाणाची जखम एकदा बरी केली होती, म्हणून ते उचलतात. आणि माणसांच्या वस्तीजवळ नेत नाहीत, कारण मेंढ्यांवर टपलेत असं समजून माणसं धनुष्य ओढतात. पटण्यासारखं आहे की नाही हे तुम्ही ठरवा, पण 'लेखक विसरला' असं लिहू नका. हेच गरुड सतराव्या प्रकरणात ऐन लढाईत पुन्हा येतात तेव्हा त्यांचं कारण अठराव्यात, म्हणजे येऊन गेल्यावर कळतं. तिथे तक्रार करायला जागा आहे. कारण नंतर आलं की ते सबबीसारखं वाटतं.

सँडरसन यांनी २००७ साली या साऱ्याचं सूत्र मांडलं : जादूने अडचण सोडवायची असेल तर ती जादू वाचकाला जितकी कळलेली असेल तितकीच सोडवणूक समाधानाची होते. नवखे वाचक हे सूत्र हाती लागलं की सगळ्या पुस्तकांना त्याच काठीने हाणतात. तसं करू नका. गँडाल्फ काय करू शकतो हे कुठेच नीट सांगितलेलं नाही, आणि तरी ते खुपत नाही. का, ते नकाशाच्या पानावर पाहिलं तर कळतं : सातव्या प्रकरणाच्या शेवटी, काळ्या जंगलाच्या तोंडाशी तो निघूनच जातो. कोळी, तुरुंग, पिंपं, ड्रॅगन हे सगळं बिल्बोला त्याच्याविना निभवावं लागतं. ज्या जादूचा हिशेब दिलेला नाही ती अडचणीच्या वेळी हजर नाही. म्हणून सूत्र लावण्याआधी एवढं विचारा : इथे जादू अडचण सोडवते, अडचण आणते, की नुसती वातावरणात आहे? तिसऱ्या प्रकाराला रकाने लागत नाहीत.

रोजची नोंद

बैठक संपली की पाच ते सहा ओळी, दहा मिनिटांत. दुसऱ्या दिवसावर टाकली की नोंदीचा सारांश होतो. सारांश कुठेही मिळतो. त्या क्षणी काय वाटलं ते फक्त तुमच्याकडे असतं. प्रत्येक नोंदीला 'पटलं', 'उडालं' किंवा 'पुढे काय होईल' यांपैकी एक खूण द्या. नमुना :

प्र. १. पटलं. एकामागून एक पाहुणे येत राहतात, बिल्बोला काळजी की केक पुरणार नाहीत आणि यजमान म्हणून आपल्यालाच उपाशी राहावं लागेल. जादू अजून काहीच नाही, पण न सांगता पाहुणे आल्यावरची धांदल ओळखीची. घर खरं झालं, आता ड्रॅगनही खरा होईल.

प्र. १२. पुढे काय होईल. ड्रॅगनच्या छातीवर डाव्या बाजूला उघडी जागा दिसली. बिल्बोच मारेल? त्याच्याकडे लहान तलवार. गुहेबाहेर एक पक्षी कान देऊन बसलाय, उगाच नसावा.

प्र. १४. उडालं. ड्रॅगनला मारणारा बार्ड याच प्रकरणात आला. नाव कळून चार पानं होतात न होतात तोच बाण सुटला.

'पुढे काय होईल' या नोंदी सर्वांत मोलाच्या. पुस्तक संपल्यावर त्या पुन्हा आठवता येत नाहीत. शेवट कळला की मनाला वाटतं आपल्याला आधीपासून माहीत होतं. अंदाज चुकला असेल तर तसाच ठेवा, खोडू नका. टिपणात 'मला वाटलं होतं बिल्बो मारेल' हे वाक्य 'अनपेक्षित वळण' या दोन शब्दांपेक्षा जास्त सांगतं.

आणि एक. १४ व्या प्रकरणात 'उडालं' लिहिलेली नोंद शेवटी पुन्हा बघा. ड्रॅगन मेल्यावर अजून पाच प्रकरणं आहेत. त्यांत खजिन्यावरून भांडण, वेढा आणि लढाई. ड्रॅगन संपला तरी त्याची हाव थोरिनला लागली, असं ते वळण आहे. मग मारणारा ऐनवेळी आला हा दोष, की मारण्याला महत्त्वच द्यायचं नव्हतं? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. असा प्रश्न हाती लागला की टिपणाचा कणा मिळाला.

संपल्यावर : दोन दिवस थांबा, सिनेमा पाहू नका

पुस्तक मिटल्यावर लगेच लिहिलं तर शेवटाचा झिंग असतो, महिन्याने लिहिलं तर काही उरत नाही. दोन ते चार दिवस मधे जाऊ द्या. मग वही न उघडता, आठवणीतून दहा ओळी लिहा. जे आपोआप आलं ते तुमच्यावर उमटलं. त्यानंतर वही उघडून ताडून बघा. ज्या प्रकरणांत भरपूर 'पटलं' लिहिलं होतं पण आठवणीत एकही ओळ आली नाही, ती प्रकरणं वाचायला गोड आणि राहायला हलकी. हे सांगायलाही टिपणात एक वाक्य पुरतं.

सिनेमा टिपण झाल्यावर. पडद्यावरचा चेहरा, आवाज आणि प्रसंग आठवणीत घुसतात आणि पुस्तकातलेच वाटू लागतात. 'हॉबिट'वर २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट निघाले, त्यातली टॉरिएल पुस्तकात नाहीच. तिच्याबद्दल पुस्तकाच्या टिपणात लिहिणारे सापडतात. उलट 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला टॉम बॉम्बाडिल पुस्तकात आहे, पीटर जॅक्सनच्या चित्रपटांत नाही. आधीच पाहिला असेल तर टिपण पाठवण्याआधी उल्लेख केलेला प्रत्येक प्रसंग पुस्तकात शोधून प्रकरणाचा आकडा लावा.

लिहायला बसताना

पहिलं टिपण ६०० ते ८०० शब्दांचं असू द्या. त्यात कथानक १५० शब्दांच्या आत, आणि तेही पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापुरतं. 'हॉबिट'च्या बाबतीत म्हणजे साधारण पाचव्या प्रकरणापर्यंत. त्यापुढचं काही सांगायचंच असेल तर आधी एका ओळीत इशारा द्या. लेखकाचं चरित्र नको, ते कुठेही मिळतं. पुरस्कारांची यादी नको.

उरलेल्या शब्दांत एक प्रसंग सावकाश घ्या, किमान २०० शब्द. सात प्रसंगांना प्रत्येकी दोन ओळी दिल्या की ती यादी होते. मग 'उडालं' खुणेची एक जागा, कारणासकट. अवतरण दोनतीन ओळींचं, एकच, आणि ते सुंदर आहे म्हणून नव्हे, तुमचं म्हणणं त्यावर उभं आहे म्हणून. शेवटी हे कोणाला आवडेल आणि कोणाला नाही, हेही सांगून टाका. 'सर्वांनी वाचावं असं' हे वाक्य काढून टाका. असं पुस्तक नसतं. 'चालत जाण्याची वर्णनं आणि मधेमधे गाणी ज्यांना पेलत नाहीत त्यांनी दुसरं काही घ्यावं' हे जास्त उपयोगी.

पहिला मसुदा झाला की अप्रतिम, अफलातून, जादुई, खिळवून ठेवणारं, जिवंत, अशा शब्दांभोवती गोल करा. प्रत्येकाला विचारा, कुठल्या प्रकरणात? आकडा सांगता आला तर शब्दाऐवजी ती जागा लिहा. सांगता आला नाही तर शब्द जाऊ द्या.

दोन मोहांपासून जपा. एक, रूपकाचा. अंगठी म्हणजे अणुबाँब, अमुक राज्य म्हणजे तमुक देश, असं लिहायची फार सवय आहे. टोल्किननी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथेबद्दलची नावड स्पष्ट लिहून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, वाचकाला आपल्या जगाशी सांगड घालायची मोकळीक आहे, पण ती वाचकाची, लेखकाने लादलेली नव्हे. म्हणून 'लेखकाला यातून सुचवायचं आहे' ऐवजी 'वाचताना मला हे आठवलं' असं लिहा. खोटेपणा जातो आणि मुद्दाही तसाच राहतो.

दुसरा मोह 'हे तर आपल्याकडे होतंच' हा. हो, होतं. देवकीनंदन खत्रींची हिंदी 'चंद्रकांता' १८८८ ची, ऐयार (वेष पालटणारे हेर) आणि तिलिस्म (मंतरलेले भुलभुलैये) यांनी भरलेली. मराठीत 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ ची. पण नुसता दाखला देऊन काही सिद्ध होत नाही. तुलना करायची तर एक कळ दाबून दुसरी हलते का ते पाहा. वर आणि अंगठी यांची तुलना चालते, कारण दोन्हींची फट आधी सांगितलेली असते. 'हनुमानही उडतो आणि हॅरीही उडतो' ही तुलना कुठेच नेत नाही.

अनुवाद वाचला असेल तर

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मराठीत 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आहे, हॅरी पॉटरचंही मराठीत भाषांतर झालं आहे. अनुवादकाचं नाव टिपणात पहिल्या ओळीत हवं. जी भाषा आवडली किंवा खटकली ती त्यांची आहे, मूळ लेखकाची नव्हे. 'भाषा ओघवती' म्हणून मोकळं होऊ नका. मुळाशी तीनच जागा ताडून पाहा : पहिलं पान, एक संवाद, एक गाणं किंवा मंत्र. आणि नावं बघा. पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. शब्द छोटा, ओळखीचा, मुलांना लगेच कळणारा. पण आपला परीस लोखंडाचं सोनं करतो, एवढंच. मुळातल्या दगडातून अमरत्वाचं पेयही मिळतं, आणि कथा तर त्या पेयाभोवती फिरते. शब्द चांगला निवडला असं म्हणा, निम्मा अर्थ निसटला असं म्हणा. काही तरी नेमकं म्हणालात हे महत्त्वाचं.

फँटसीबाहेरच्या पुस्तकांनाही हीच वही चालते, फक्त नियमांच्या पानावरचे रकाने बदलतात. ऐतिहासिक कादंबरीत 'नोंदलेलं काय, रचलेलं काय', रहस्यकथेत 'कुठला धागा कुठे दाखवला', आत्मचरित्रात 'कोणत्या वर्षांवरून लेखक घाईने गेला'. प्रवासवर्णनाला नकाशाचं पान एकटं पुरेसं आहे.

टिपणाच्या तळाशी आवृत्तीची ओळ घाला : प्रकाशक, वर्ष, भाषा, आणि पूर्ण वाचलं की सोडलं. सोडलं असेल तर कितव्या प्रकरणावर आणि कशामुळे. ही ओळ औपचारिकता वाटते, पण 'हॉबिट'चंच बघा. १९३७ च्या छापील पुस्तकात पाचव्या प्रकरणातला गॉलम, म्हणजे गुहेत राहणारा अंगठीचा आधीचा मालक, बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरल्यावर अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो. पुढच्या कादंबरीत अंगठी इतकी घातक ठरली की हे जुळेना, म्हणून टोल्किननी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. त्यात पैज आहे ती बाहेरची वाट दाखवण्याची, आणि अंगठी गेल्याचं कळल्यावर गॉलम अंधारात किंचाळत राहतो. आज दुकानात मिळते ती ही प्रत. जुन्या छपाईची प्रत हाती लागलेल्या कोणी 'गॉलम तसा सरळ वाटला' असं लिहिलं, तर त्याने वाचलेल्या पुस्तकात ते खरंच तसं आहे.